पाच मिनिटांची साक्ष

२ सप्टेंबर, सोमवार

आज कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेबलवालीने माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्या ओळीसमोर रडली. “ताई, बंद केल्या. अठरा दिवस झाले. एकसुद्धा फिट नाही.”

मला वाटलं, काय बंद केलं हिने? चहा?

“गोळ्या हो. छोटीच्या. तुम्ही केल्या होत्या तशाच.”

मी काय बोलले ते आता नीट आठवतही नाही. “बरं झालं” असंच काहीतरी. “प्रभूची स्तुती असो” ती म्हणाली, मी फक्त मान हलवली. पलीकडे शर्टाची काजं करणाऱ्या काजवालीने टाळ्या वाजवल्या.

लेबलवाली आमच्याच ओळीत बसते. शर्टाच्या कॉलरमध्ये साइजचं लेबल शिवते, तिथून पीस माझ्या तपासणीच्या टेबलावर येतो. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी. मुलगी पाच वर्षांची, तिला फिट येतात. आठ महिन्यांपूर्वी ती कारखान्यात लागली तेव्हा मीच तिला चर्चला नेलं. मीच! मे महिन्याच्या सभेत, प्रभूने माझ्या लेकीला कसं बरं केलं याची मी साक्ष दिली तेव्हा ती छोटीला मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर होती. डोळे पुसत होती. मला किती बरं वाटलं होतं.

दुपारनंतर एक उलटी बाही लागलेला शर्ट मी पास केला. मास्टर तो घेऊन आला, म्हणाला, “ताई, डोळे कुठे ठेवून आलात?”

३ सप्टेंबर, मंगळवार

लिहवत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

खरं काय झालं ते एकदा लिहून काढते. कुठेतरी ते असायला हवं, आणि ते दुसरीकडे कुठेच नाही.

लेक चार वर्षांची होती. दिवसाला आठ-नऊ फिट. पातळ औषध चालू होतं, त्याने ढिम्म काही होत नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलातली एक डॉक्टरीण होती, मान वर करून बघायचीही नाही. तिने एका गुरुवारी ते औषध बंद करून गोळ्या लिहून दिल्या. शुक्रवारी जुन्या औषधाची बाटली मी मोरीत ओतली, ठेवून काय करायची? त्यानंतरच्या रविवारी बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी जमिनीला कपाळ लावून ओरडत होते. त्या आठवड्यात फिट कमी झाल्या, पुढच्या आठवड्यात थांबल्या. परत कधीच आल्या नाहीत.

प्रभूने तिला बरं केलं हे मी तेव्हाही मानलं, आजही मानते. ते खोटं नाही. पण गोळ्या पुढे तीन वर्षं दोन महिने चालू होत्या. मग त्याच डॉक्टरणीने हळूहळू कमी करत बंद केल्या.

पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा मी सगळं सांगितलं होतं. डॉक्टरीण, गुरुवार, गोळी, प्रार्थना. वीस मिनिटं लागली. लोक खोकायला लागले. नंतर चर्चचे पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले, “बाई, साक्ष पाच मिनिटांत बसायला हवी. आधी काय होतं, प्रभू कसा भेटला, मग काय झालं. एवढंच.” दुसऱ्या वेळी डॉक्टरणीला मी एक वाक्य दिलं. तिसऱ्या वेळी तेही नाही. सहाव्या की सातव्या वेळी, माईक हातात, सभागृह भरलेलं, आणि मी म्हणून गेले, “त्याच आठवड्यात मी औषधाची बाटली मोरीत रिकामी केली.”

मग अख्खं सभागृह — हालेलुया!

त्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. कुठली बाटली, ते कोणी विचारलं नाही.

नंतर चर्चने माझ्या साक्षीचं पत्रक छापलं, लेकीच्या फोटोसकट. त्यात पाळकसाहेबांनी लिहिलं, ‘आईने सर्व औषधे टाकून दिली आणि विश्वास धरला.’ छापायच्या आधी कागद मला वाचायला दिला होता. चूक शोधणं हाच माझा धंदा. मी पास केला.

५ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांना सांगितलं. हे बूट काढत होते, एक पायात तसाच राहिला.

“मग तिला सांग, परत चालू कर म्हणावं.”

“काय सांगू? आपण बंद केल्याच नव्हत्या, असं?”

गोळ्या आणायला हेच जायचे. दोन बस बदलून, लांबच्या औषधाच्या दुकानात. जवळच्या दुकानात चर्चच्या मंडळीतला मुलगा कामाला होता. तीन वर्षं दोन महिने, दर महिन्याला. आणि आता हे मंडळीचे सेक्रेटरी आहेत.

“एवढी वर्षं तोंड मिटून बसलीस,” हे म्हणाले, “आता जरा सबुरीने घे. लेकीची साक्ष व्हायची आहे या महिन्यात.”

२९ तारखेला चर्चचा वर्धापनदिन. लेक पहिल्यांदा साक्ष देणार. अठरा पूर्ण झाली आता. लहानपणापासून सगळे तिला ‘चमत्कार’च म्हणतात. ए चमत्कार, इकडे ये. चमत्कार, तुझी उंची वाढली गं.

७ सप्टेंबर, शनिवार

अर्धा दिवस होता. लेबलवालीच्या खोलीवर गेले, सायकलच्या दुकानावरची ती वरची खोली. सांगायचंच म्हणून गेले. जिन्यात तीन वेळा वाक्य घोकलं.

छोटी पलंगावर उड्या मारत होती. “बघा, पूर्वी गोळ्यांनी नुसती पेंगत असायची,” लेबलवाली म्हणाली. भिंतीवर माझं पत्रक चिकटवलेलं. छोटीने त्यावरच्या लेकीच्या फोटोला मिशा काढल्या होत्या. तिच्या आईने जीभ चावली. “मारलं हो मी तिला. ताईंच्या मुलीला मिशा काढतेस!”

मी हसले. बिस्कीट खाल्लं. चहा प्यायले. छोटीने मला एक कविता म्हणून दाखवली, मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून. आणि मी निघून आले!

एवढंच विचारलं, “डॉक्टरांना सांगितलंस का?” ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतंत?”

८ सप्टेंबर, रविवार

गेले. गायले. आले.

१० सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे. म्हातारे झालेत. चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

“प्रभूने तुमच्या मुलीला बरं केलं, यावर तुमचा विश्वास आहे?”

“आहे.”

“मग साक्ष खोटी कशी?”

मी म्हणाले, पोरीच्या गोळ्या बंद आहेत साहेब. सव्वीस दिवस झाले आता.

चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, तिला एकटीला गाठून सांगा. आजच नाही तर उद्या. पण मंडळीसमोर नको. “किती जण तुमच्या साक्षीने आत आले, ठाऊक आहे तुम्हाला? त्यांच्या पायाखालची जमीन काढायची का?”

मला पटलं. खरं सांगते, पटलं! वाटलं, सुटले. एकीला सांगायचं आहे, शंभरांना नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं. सगळं. डॉक्टरीण, गुरुवार, कुठली बाटली, लांबचं दुकान. तिच्या खोलीत, खाली बसून, छोटी शाळेत असताना. आम्ही दोघींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तिला वाटलं, मी प्रार्थनेला येतेय.

तिने विश्वास ठेवला नाही.

हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. चिडेल, रडेल, हात उगारेल, सगळ्याची तयारी करून गेले होते. ती माझ्याकडे दयेने बघत होती. “ताई, हा सैतानाचा हल्ला आहे. लेकीची साक्ष जवळ आली ना, म्हणून.”

“अगं बाई, मी माझ्या हाताने गोळ्या देत होते.”

“मग सभेत तसं का नाही बोललात? देवाच्या घरात माईकवर कोणी खोटं बोलेल का?” आणि भिंतीकडे बोट. “छापलंय ताई हे.”

मी तिचे पाय धरायला गेले, तिने मला उठवलं आणि माझ्यासाठी प्रार्थना केली! माझ्या डोक्यावर हात ठेवून. मोठ्याने, मनापासून. माझ्याच साक्षीतले शब्द माझ्याच डोक्यावर.

मग हलकेच म्हणाली, “तुमचं मन स्थिर होईपर्यंत इकडे येऊ नका. छोटीच्या कानावर असलं काही पडायला नको.” आणि दार लावून घेतलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

एकोणतीस दिवस.

चौदा वर्षं मला माहीत होतं मी कोण ते. शास्त्रातली ती परक्या देशाची आई, मुलीसाठी प्रभूच्या मागे लागलेली, शिष्यांनी हाकललं तरी न हटलेली. माझी साक्ष मी तिच्यापासूनच सुरू करते. माझ्या आयुष्यात एरवी काय आहे? दहा तास उभं राहून धागे कापायचे आणि चुकलेल्या जागी लाल स्टिकर लावायचे. पण त्या मोठ्या गोष्टीत माझं एक पान होतं. सगळ्या वाईट दिवसांना त्या पानामुळे अर्थ होता. सासूबाईंची बोलणी, ह्यांची गेलेली नोकरी, सगळं त्या पानाकडे जाणारी वाट वाटायची.

आज बसल्या बसल्या शास्त्रातलीच दुसरी माणसं आठवली. ते नवरा-बायको, ज्यांनी प्रभूला सगळं देऊन टाकलं म्हणून सांगितलं आणि थोडं मागे ठेवलं. दोघंही जागच्या जागी मेली. मी आणि हे, आम्ही नीट जेवतो-खातो आहोत.

आमच्या पापाचा निकाल त्या पोरीवर का?

१४ सप्टेंबर, शनिवार

लेकीने साक्ष कागदावर लिहिली आहे. दुपारी म्हणाली, “आई, घड्याळ लाव. पाच मिनिटांत बसते का बघ.” खिडकीपाशी उभी राहून वाचायला लागली. छान वाचते. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं माझ्यासारखं. ‘तेव्हा माझ्या आईने सर्व औषधे’ इथपर्यंत आली.

“थांब,” मी म्हणाले.

सांगितलं. आता सांगायची सवय झाली आहे, ऐकणारा मिळत नाही एवढंच.

ती कागदाची घडी घालत ऐकत होती. “ती जंताची गोळी म्हणायचीस ती?”

“हो.”

“मला वाटायचंच. रोज कोणाला जंत होतात?”

मला हसू फुटलं, तीही हसली, आणि मग तिचा चेहरा असा उतरला की बघवेना. “म्हणजे मला दवाखान्यातल्या बाकीच्या मुलांसारखंच औषधाने बरं वाटलं.”

मी म्हणाले, प्रार्थनाही होती, दोन्ही होतं, औषधसुद्धा त्याचंच. मला जे खरंच वाटतं तेच बोलत होते, पण माझ्याच कानाला ते सारवासारवीसारखं लागलं.

“मग मी कोण, आई?” तिने विचारलं.

कपडे भरून मावशीकडे गेली.

१५ सप्टेंबर, रविवार

लेक चर्चला आली नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, हे म्हणाले, ताप आहे. आमच्या घरात आता अशी वाक्यं आपोआप तयार होतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लेबलवालीने मास्टरला सांगून टेबल बदलून घेतलं. तिचे पीस आता दुसरीकडे तपासायला जातात.

आणि काजवाली सुट्टीत येऊन काय म्हणाली, तर “ताई, आम्ही सगळ्या तुमच्यासाठी उपास धरतोय.” महिला मंडळाच्या अकरा जणी. माझा विश्वास डळमळला आहे म्हणून! मी खरं बोलले तर अकरा जणी उपाशी. खोटं बोलत होते तेव्हा पोटभर जेवत होत्या.

मी काजवालीलाही सांगितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

माझी साक्ष माझ्यापेक्षा जाडजूड झाली आहे. ती माझ्या घरातून निघून गेली, लोकांकडे राहायला. आता मी दारात गेले तर तीच मला ओळख देत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

शाळेच्या फाटकापाशी उभी राहिले. छोटी दिसली, धडधाकट. दप्तर डोक्यावर घेऊन चालत होती. सारखं वाटतं, नाही येणार फिट. कदाचित खरंच नाही येणार. कदाचित प्रभू माझ्या खोट्यावरसुद्धा तिला बरं करेल. मग मला कोणाला काही सांगावं लागणार नाही.

हा विचार मी केला. लिहून ठेवते.

२० सप्टेंबर, शुक्रवार

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तळाशी फाईल सापडली. सगळं आहे. तारखा, गोळीचं नाव, डॉक्टरणीचं घाणेरडं अक्षर, ह्यांच्या खरेदीच्या पावत्या. ह्यांनी बघितलं. मला वाटलं, हिसकावून घेतील. शिडी धरून उभे राहिले आणि म्हणाले, “धूळ आहे, नाकाला फडकं बांध.”

छापलेल्यावर विश्वास आहे ना तिचा, मग हेही छापलेलंच आहे. उद्या सुट्टी झाली की सरळ जाते. दार लावू दे. बाहेर बसून राहीन.

२१ सप्टेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते.

सव्वातीनला जिना चढले. दार उघडंच होतं. छोटी जमिनीवर होती. फिट चालू. दात आवळलेले, ओठ निळे. लेबलवाली गुडघ्यांवर, एक हात पोरीच्या कपाळावर, डोळे मिटलेले. “प्रभू, ही मुलगी माझी नाही, तुझी आहे. मी हिला धरून ठेवणार नाही.” माझी प्रार्थना. पत्रकातली, ओळीने ओळ.

“कधी सुरू झाली?” मी विचारलं. डोळे उघडले नाहीत तिने. मी फाईल खांद्यावरच्या पिशवीत कोंबली आणि खाली बसले. पोरीला कुशीवर वळवायला लागले तर तिने माझा हात झटकला. “हात लावू नका. तुमच्यासारखंच करतेय मी.”

मी तिला ढकललं. जसं घडलं तसं लिहिते, ढकललं, ती कपाटावर आदळली. पोरीला कुशीवर घेतलं, लाळ पुसली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली तरी थांबेना. सात झाली. मी उचलून जिना उतरले. पाच वर्षांची पोर फिटमध्ये किती जड लागते ते मला ठाऊक होतं, अंगाला आठवत होतं. सायकलवाल्याने रस्त्यात आडवं उभं राहून एक टेम्पो थांबवला.

लेबलवाली मागून अनवाणी धावत आली, चढली. तोवर तिची प्रार्थना थांबली होती. एकच विचारत होती, “तुमची बरी झाली ना? तुमची झाली ना बरी?”

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. मी गोळीचं नाव सांगितलं, अचानक बंद केली, सदतीस दिवस. सिस्टरने सुई शोधता शोधता विचारलं, “कोणी सांगितलं होतं बंद करायला?”

“मी,” मी म्हणाले.

फिट थांबायला एकूण पन्नास मिनिटं लागली. शुद्धीवर नाही अजून. नळ्या लावल्यात. डॉक्टर म्हणाला, आत्ताच काही सांगता येणार नाही.

मी फाईल बाकावर तिच्याशेजारी ठेवली. तिने उघडली. पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत सगळ्या पाहिल्या, एकेक. मग म्हणाली, “तुम्ही दोन ठिकाणी बोललात. एकदा माईकवर, एकदा माझ्या खोलीत. मी माईकवरचं ऐकलं.”

आवाज चढवला नाही. “जा आता,” एवढंच म्हणाली.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये साक्षीची वेळ आली तेव्हा उठले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली — नको. मी माईक घेतला.

पहिल्या बाकावर लेबलवालीची जागा रिकामी. जिला सांगायचं ती तिथे नाही, आणि बाकी सगळे आहेत. तरी सांगितलं. गुरुवारपासून सुरुवात केली. बाटली कुठली, गोळी कुठली, दुकान कुठलं. छोटी आत्ता कुठे आहे ते सांगितलं. माझ्यामुळे. ‘सैतानामुळे’ असं म्हणायचा मोह झाला, जिभेवर आलं होतं, गिळलं. महिला मंडळाला सांगितलं, उपास सोडा आणि घरात कोणाची औषधं चालू असतील तर ती नीट द्या.

कोणी खोकलं नाही. खोकले असते तर आधार वाटला असता. मागचे दोघं उठून गेले.

मी म्हणाले, एका माणसाच्या मदतीने हे लपवलं, त्याचं नाव घेणार नाही. तर बाकावरून हे उठले. कधी चारचौघांत बोलत नाहीत, हिशोबाचा कागदसुद्धा दुसऱ्याला वाचायला देतात. मान खाली घालून म्हणाले, “गोळ्या मी आणायचो,” आणि खाली बसले.

पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना केली. दारात कोणी बोललं नाही. काजवालीने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

लेक शेवटच्या बाकावर होती. कधी आली कळलंच नाही. माझ्याशी बोलली नाही. ह्यांना विचारलं, “कुठल्या वॉर्डात आहे ती?” आणि गेली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

छोटीला शुद्ध नाही. लेक कॉलेज बुडवून तिथे बसते आहे. मला वॉर्डात बंदी, लेबलवालीने सिस्टरला तसं सांगितलंय. मी खाली जिन्यात बसते. ह्यांनी जेवणाचा डबा दिला तो तिने घेतला, डबा कोणाचा आहे ते माहीत असून.

प्रार्थना करता येत नाही. शब्द आले की माझेच वाटतात. नुसतं ‘छोटी, छोटी, छोटी’ म्हणत बसते.

२५ सप्टेंबर, बुधवार

छोटीने डोळे उघडले. आईला ओळखलं. उजवा हात नीट हलत नाही, बोलणं अडखळतं. डॉक्टर म्हणाला, बरंच परत येईल. सगळं येईल असं म्हणाला नाही.

जिन्यात भिंतीकडे तोंड करून रडले. एक वॉर्डबॉय म्हणाला, “मावशी, वाटेत बसू नका.”

२९ सप्टेंबर, रविवार

वर्धापनदिन. आम्ही गेलो नाही. ह्यांनी सेक्रेटरीपद सोडलं.

संध्याकाळी पाळकसाहेब एकटेच आले. पिशवीत उरलेली पत्रकं होती, शंभरेक असतील. टेबलावर ठेवली. “‘सर्व औषधे’ मी लिहिलं होतं,” म्हणाले. “तुम्ही बाटली म्हणाला होतात. ‘सर्व’ म्हटलं की वाक्याला वजन येतं, असं वाटलं मला.” मग पाणी मागितलं. मी दिलं. जाताना मला म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना करा. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

लेबलवाली कामावर आली. मी बाजूने गेले, तिने मशीन थांबवली नाही.

लेक परत राहायला आली. कपाटात कपडे लावताना म्हणाली, “तू मला खोटं सांगितलंस याचा राग आहे मला. अजून बरेच दिवस राहील.” मी म्हणाले, राहू दे. “छोटी माझ्याकडून चित्र काढून घेते,” ती म्हणाली, “उजव्या हाताने रेघ नीट येत नाही म्हणून.”

तिने तिची साक्ष फाडलेली नाही. पुस्तकात घडी करून ठेवली आहे. त्यावर काय लिहिणार आहे, मी विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मी कोण, हे अजून सापडलं नाही. शास्त्र उघडते, प्रत्येक पानावर चांगल्या किंवा वाईट माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघते. कुठेच बसत नाही. आता मला मोठी जागा नकोच आहे. पण कुठलीच नाही, हे सहन होत नाही. ज्याने माझी मुलगी बरी केली, त्याच्या गोष्टीतून मी पुसली गेले असेन तर मी कारखान्यात उभी राहून धागे कापणारी एक बाई आहे, बस. सकाळी उठायला कारण सापडत नाही. उठते, कारण पावणेआठला भोंगा होतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज लेबलवाली साक्षीला उभी राहिली, छोटीला कडेवर घेऊन. पाच मिनिटांत काही बसलं नाही आणि कोणी बसवायला सांगितलंही नाही. गोळीचं नाव, दिवसातून किती वेळा, किती दिवस चुकवल्या, सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. “एका बाईने मला खोटं सांगितलं. मग तीच खरं सांगायला आली, मी दार लावून घेतलं, तरी ती परत आली.”

एवढंच. तिच्या गोष्टीत मला दोन वाक्यांची जागा. मग ती छोटीविषयी बोलू लागली.